संत्र्याच्या बागेचा जमाखर्च

नागपूरच्या संत्र्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें संत्रें पिकविणाऱ्याच्या हातीं अखेर काय राहतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आमच्या शाळेंत काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर ह्या बाजूंचे, तसेच वरूड-मोर्शीकडील विद्यार्थी दरवर्षीं येतात. त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं बागा आहेत. कोणाच्या वडिलांच्या मनांत नवी बाग लावण्याचा विचार घोळत असतो, तर कोणाच्या घरीं असलेली बाग तोडावी कीं राखावी हा वाद चाललेला असतो. "मास्तर, बागेंत फायदा आहे कीं नाहीं?" असें हे विद्यार्थी आम्हांस अनेकदां विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. पण तें उत्तर कसें काढावें हें मात्र शिकतां येतें, आणि तेवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

बहुतेक घरीं होणारी चूक अशी कीं, ज्या वर्षीं भाव चांगला येतो त्या वर्षीं बहाराचा पैसा मोजावयाचा, त्यांतून त्याच वर्षाचा खताचा व फवारणीचा खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्यास नफा म्हणावयाचें. ज्या वर्षीं भाव पडतो त्या वर्षीं संत्र्यास बोल लावावयाचा. हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. ज्वारी किंवा कापूस हें एका हंगामाचें पीक आहे. त्याचा जमाखर्च एका वर्षांत मिटतो. बाग हा वीस-पंचवीस वर्षांचा व्यवहार आहे. त्याचा हिशेबहि तितक्याच वर्षांचा मांडला पाहिजे.

पूर्वपीठिका

हें फळ मूळचें येथील नव्हे. नागपूरच्या भोसल्यांनीं औरंगाबादेकडून रोपें आणवून आपल्या बागेंत लावलीं, अशी परंपरागत समजूत आहे. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. पुढें पूर्वेकडे कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग झाला. आणि फार दिवस न टिकणारें हें फळ दूरदूरच्या बाजारांत जाऊं लागलें. मध्यम काळी जमीन, कोरडी थंडी आणि विहिरींचें पाणी ह्या तीन गोष्टी मिळाल्यामुळें नागपूर व अमरावती जिल्ह्यांत त्याचा पसारा वाढला. १९०६ सालीं नागपुरास कृषि महाविद्यालय निघालें. १९८५ सालीं येथेंच लिंबूवर्गीय फळांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें; तेंच आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखलें जातें. २०१४ सालीं नागपूरच्या संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाला मान मिळाला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मानानें विहिरीस पाणी येत नाहीं, आणि कर्जाचें व्याजहि थांबत नाहीं. तेव्हां आपण हिशेबाकडे वळूं.

वाट पाहण्याची किंमत

फळबागेंतील सर्वांत मोठा, आणि वहींत बहुधा न लिहिला जाणारा खर्च म्हणजे वाट पाहणें. संत्र्याचें कलम लावल्यापासून सुमारें पांचव्या वर्षीं त्यावर थोडें फळ दिसूं लागतें. घरखर्चास हातभार लागेल असा पैसा येण्यास सहा-सात वर्षें जातात. तोंपर्यंत नांगरणी, कुंपण, खत, पाणी, फवारणी आणि राखण हें सर्व चालूच असतें; जमेच्या बाजूस मात्र शून्य.

ही गोष्ट केवळ संत्र्याची नव्हे. सॅम्युएल स्टोक्स नांवाचे अमेरिकन गृहस्थ १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं हिंदुस्थानांत आले आणि पुढें सिमल्यापलीकडील कोटगड येथें स्थायिक झाले. त्यांनीं १९१६ च्या सुमारास अमेरिकेंतून लाल सफरचंदाचीं कलमें आणून तेथील डोंगरउतारावर लावलीं, आणि त्या प्रदेशाचा कायापालट झाला. परंतु त्या डोंगरांतील शेतकऱ्यांसहि जुन्या पद्धतीच्या झाडांवर चांगलें पीक येण्यास सात-आठ वर्षें थांबावें लागे. सफरचंदास हिवाळ्यांत पुष्कळ दिवसांची कडक थंडी लागते, म्हणून त्या जातीचें सफरचंद आपल्याकडे होत नाहीं. आपलें संत्रें त्या बर्फांत टिकणार नाहीं. फळ निराळें, हवा निराळी. पण थांबण्याचा नियम दोहोंस सारखाच.

आतां पाटी घ्या. समजा, एका बागेंत पहिलीं सहा वर्षें प्रत्येक वर्षाच्या आरंभीं शंभर रुपये खर्च झाला. (शंभर हा आंकडा केवळ सोयीसाठीं आहे, खऱ्या बागेंत त्या जागीं कितीहि मोठी रक्कम घ्या, प्रमाण तेंच राहील.) वहींत खर्च दिसेल ६०० रुपये. पण व्याजाचा दर दरसाल १० टक्के धरून चक्रवाढीनें हिशेब केला, तर पहिल्या वर्षाच्या शंभराचे सहाव्या वर्षाच्या अखेरीस १७७ रुपये होतात, दुसऱ्या वर्षाच्या शंभराचे १६१, तिसऱ्याच्या शंभराचे १४६. आणि सर्वांची बेरीज सुमारें ८४९ रुपये येते. म्हणजे पहिलें फळ बाजारांत नेण्यापूर्वींच बागेवर ८४९ रुपयांचें ओझें असतें, ६०० चें नव्हे. कोणी म्हणेल, "आमचा पैसा घरचा आहे, त्यास व्याज कसलें?" परंतु घरचा पैसा दुसरीकडे गुंतविला असता तर त्यानें कांहीं तरी मिळविलेंच असतें. तें मिळकतीचें नुकसान हेंच त्याचें व्याज होय.

हें ओझें पुढील पीक देणाऱ्या वर्षांवर वांटावयाचें असतें. बाग पुढें १५ वर्षें चांगली चालली, तर दर वर्षाअखेर सुमारें ११२ रुपये बाजूस काढले म्हणजे तें फिटतें. पण तीच बाग रोगानें किंवा पाण्याच्या अभावीं ८ वर्षांतच गेली, तर दरसाल १५९ रुपये काढावे लागतात. त्या त्या वर्षाचा चालू खर्च ह्याहून वेगळाच. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, बागेचा नफा एखाद्या वर्षाच्या चढ्या भावापेक्षां झाडाच्या दीर्घायुष्यावर अधिक अवलंबून आहे. हेंच ह्या लेखाचें मुख्य सूत्र समजावें.

महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं सुरू केलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेंत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनीं देण्याची तरतूद आहे. तें उपयोगी आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि अनुदान तीन वर्षांत संपतें आणि फळास सहा वर्षें लागतात, हें मधलें अंतर घरच्याच बळावर ओलांडावें लागतें. झाडें लहान असेपर्यंत दोन ओळींमध्यें मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा अशीं पिकें घेऊन कित्येक शेतकरी हें अंतर पार करतात. तें शहाणपणाचेंच आहे; मात्र त्या पिकांचें उत्पन्न वहींत निराळें लिहावें, म्हणजे बागेचा खरा खर्च झांकला जात नाहीं.

पाण्याचा हिशेब

संत्र्याचें झाड आपण होऊन वर्षभर थोडें थोडें फुलूं पाहतें. एकदम भरपूर फूल यावें म्हणून त्यास कांहीं काळ पाणी तोडून विश्रांति द्यावी लागते. ह्यास ताण देणें म्हणतात. आपल्याकडे मुख्यतः दोन बहार घेतात. आंबिया बहारासाठीं डिसेंबराच्या सुमारास पाणी तोडतात. हलक्या जमिनींत ताण लवकर बसतो, भारी जमिनींत अधिक आठवडे लागतात. मग पाणी दिल्यावर जानेवारी-फेब्रुवारींत झाड फुलतें आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत फळ उतरतें. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यांत बसतो, जूनच्या पावसानें तो तुटतो, आणि फळ पुढील फेब्रुवारी-मार्चांत येतें.

दोन्ही बहारांचा खर्च सारखा नाहीं. आंबिया बहाराचें कोवळें फळ नेमकें एप्रिल-मेच्या कडक उन्हांत झाडावर असतें. त्या वेळीं पाणी कमी पडलें तर फळ गळतें. मृग बहारास उन्हाळ्यांत पाणी कमी लागतें, परंतु पाऊस वेळेवर न आला किंवा ताणाच्या दिवसांत अवकाळी सरी पडल्या तर फुलोराच बिघडतो. म्हणजे एका बहाराची मदार विहिरीवर, तर दुसऱ्याची आभाळावर.

ह्या पाण्याचा आंकडा एकदां मांडून पाहावा. झाडें सहा मीटर अंतरावर लावलीं तर एकरांत सुमारें ११० बसतात. समजा, उन्हाळ्यांत ठिबकानें झाडास रोज १०० लिटर पाणी दिलें. ११० झाडांस रोज ११,००० लिटर झालें. मार्च, एप्रिल, मे ह्या तीन महिन्यांचे ९० दिवस धरले तर ९ लाख ९० हजार लिटर. हेंच पाणी दहा हजार लिटरांच्या टँकरानें आणावयाचें म्हटलें तर एका एकरास जवळजवळ शंभर खेपा होतात! विहीर आटल्यावर टँकरानें बाग जगविणारा शेतकरी त्या वर्षीं फळासाठीं खर्च करीत नसतो. मागील सर्व वर्षांचें भांडवल बुडूं नये म्हणून करीत असतो.

वरूड-मोर्शीच्या भागांत बागा वाढल्या तशा कूपनलिकाहि वाढल्या, आणि पाणी खोल खोल गेलें. एकाची नळी दोनशें फूट, म्हणून शेजाऱ्याची तीनशें. मग पहिल्याची चारशें. २०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१९ च्या उन्हाळ्यांत अमरावती व नागपूर जिल्ह्यांतील कित्येक बागा उभ्या वाळल्या. ज्यांनीं पंधरा वर्षें झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलीं, त्यांनींच तीं सरपणासाठीं तोडलीं. येथें दोष एकट्याचा नसतो. जमिनीखालचें पाणी सर्वांचें मिळून एकच असतें. परंतु तें उपसण्याचा हिशेब प्रत्येक जण निराळा करतो. नाल्यांवरील बंधारे, पावसाचें पाणी जिरविणें, ठिबक सिंचन आणि झाडाखालीं पालापाचोळ्याचें आच्छादन, ह्यांवर केलेला खर्च बागेच्या खर्चांतच धरला पाहिजे. तो धर्मादाय नव्हे.

जमीन, रोप आणि रोग

झाडाचें आयुष्य बहुतेक पहिल्याच दिवशीं ठरतें. पाणी साचून राहणारी चिकण काळी जमीन आणि फार चुनखडीची जमीन संत्र्यास मानवत नाहीं. अशा जमिनींत झाड चार-पांच वर्षें चांगलें दिसतें आणि फळावर येण्याच्या सुमारास खचूं लागतें. लागवडीपूर्वीं खड्डा खणून खालचा थर पाहणें व माती तपासून घेणें ह्यांस फार पैसा लागत नाहीं. न पाहण्यास मात्र फार लागतो.

दुसरी गोष्ट रोपाची. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात. डोळा कोणत्या झाडाचा घेतला, तें झाड निरोगी होतें कीं नाहीं, ह्यावर पुढील वीस वर्षें अवलंबून असतात. कलमामागें कांहीं रुपये वांचविण्यासाठीं ओळखदेख नसलेल्या रोपवाटिकेंतून रोपें आणणारा मनुष्य मोठ्या रकमेच्या व्यवहारांत कवडीची काटकसर करतो. कलम लावतांना डोळ्याचा जोड जमिनीपासून वीत-सव्वा वीत वर राहिला पाहिजे. तो मातींत गाडला गेला, किंवा पाटाचें पाणी खोडाशीं तुंबूं लागलें, म्हणजे जमिनींतील फायटोफ्थोरा नांवाचे सूक्ष्म जीव सालींत शिरतात, खोडांतून डिंक गळूं लागतो आणि मुळें कुजतात. ह्यास आपल्याकडे डिंक्या म्हणतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी ह्यांचें बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वीं व नंतर खोडास लावणें, आणि दुहेरी आळें करून पाणी खोडापासून दूर ठेवणें, हा त्यावर स्वस्त प्रतिबंध आहे.

काळी माशी पानांवर चिकट द्रव सोडते, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान झांकल्यामुळें झाडास अन्न करतां येत नाहीं, ही कोळशी. ह्याशिवाय सायला कीड व फळांतील रस शोषणारे पतंग आहेतच. सर्वांवर फवारणीचा खर्च होतो. येथें एक गणित ध्यानांत ठेवावें. ११० झाडांपैकीं २० मेलीं, तरी कुंपण, राखण आणि नांगरणी ह्यांचा खर्च बहुतेक तेवढाच राहतो. पूर्वीं ११० झाडांवर वांटला जाणारा खर्च आतां ९० झाडांवर पडतो. म्हणजे दर जिवंत झाडामागें हा बोजा सुमारें २२ टक्क्यांनीं वाढतो. मेलेलें झाड आपलें फळ तर नेतेंच, पण आपला खर्च शेजारच्या झाडांच्या माथीं ठेवून जातें.

विक्री

फळ आलें म्हणजे ते विकण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, झाडावरील फळाचा अंदाज करून सर्व बहार व्यापाऱ्यास विकणें. व्यापारी इसार देतो, तोडणी व वाहतूक त्याची. शेतकऱ्याचा भार हलका होतो, आणि भावहि हलका मिळतो. शिवाय बाजार पडला म्हणजे तोडणी लांबणीवर पडते, ठरलेल्या रकमेंत घट मागितली जाते. तोंवर फळ झाडावर राहून पुढील बहाराचें बळ खातें. असे करार लेखी करावे, आणि तोडणीची शेवटची तारीख त्यांत स्पष्ट लिहावी. दुसरा मार्ग, स्वतः फळ तोडून कळमन्याच्या बाजारांत नेणें. येथें भाव बरा मिळण्याचा संभव असतो. परंतु तोडणी, गाडीभाडें, हमाली, तोलाई इत्यादि वजा केल्यावर जें उरेल त्याचीच तुलना पहिल्या मार्गाशीं करावी.

बाजारभाव शेतकऱ्याच्या हातीं नसतो, ह्याचें ताजें उदाहरण बांगलादेशाचें आहे. आपल्या संत्र्याचें तें मोठें गिऱ्हाईक. तेथील आयातकर २०१९ सालीं किलोमागें २० टका होता, तो वाढत वाढत २०२३ सालीं ८८ टका झाला. तिकडची मागणी खालावली, तो माल देशांतील बाजारांतच राहिला, आणि भाव उतरला. ढाक्याच्या निर्णयाचा परिणाम काटोलच्या धुऱ्यापर्यंत पोहोंचला. "मग रस काढून कां विकत नाहींत?" असें मुलें विचारतात. नागपुरी संत्र्यांत बिया पुष्कळ, आणि त्याचा रस काढून ठेवला म्हणजे लिमोनीन नांवाच्या द्रव्यामुळें त्यास कडवटपणा येतो. म्हणून हें फळ मुख्यतः सोलून खाण्याचें राहिलें आहे. प्रयत्न झालेच नाहींत असें मात्र नाहीं. 'नोगा' हें नांव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन ह्या बागाइतदारांच्या संस्थेवरूनच पडलें. पुढें तो उद्योग महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळाकडे गेला. बी नसलेल्या जाती, शीतगृहें आणि प्रतवारी ह्यांच्या योगानें पुढेंमागें हा मार्ग रुंद होईल, अशी आशा करण्यास जागा आहे.

निष्कर्ष

आतां मूळ प्रश्न. बागेंत फायदा आहे काय? आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या जमिनीस निचरा आहे, ज्याची विहीर वाईट वर्षींहि मे महिना काढते, आणि ज्याला सहा वर्षें थांबण्याचें बळ आहे, त्यास संत्र्याची बाग अजूनहि चांगला आधार देते. ह्या तिहींपैकीं एक जरी नसलें, तरी चढा भाव पाहून लावलेली बाग कर्जाचें मूळ होण्याचा संभव मोठा. ज्याचें पाणी बेताचें आहे त्यानें सगळें शेत बागेखालीं न घालतां, वाईट वर्षीं जेवढीं झाडें जगवितां येतील तेवढींच लावावीं. पन्नास निरोगी झाडें दीडशें सुकणाऱ्या झाडांपेक्षां घरास अधिक देतात.

विद्यार्थ्यांस एक काम सांगून हा लेख पुरा करतों. सुटींत घरीं गेल्यावर एक वही घाला. एका बाजूस खर्च लिहा: खत, औषध, मजुरी, वीज, डिझेल, कुंपण, विहिरीची दुरुस्ती, कर्जाचें व्याज. घरच्या माणसांची मजुरीहि लिहा; आई सकाळपासून बागेंत राबते तें फुकट नव्हे, केवळ कोणी मोजीत नाहीं इतकेंच. दुसऱ्या बाजूस प्रत्येक बहाराची जमा लिहा. मागील पांनावर झाडांची शिरगणती ठेवा: किती लावलीं, किती आहेत, किती गेलीं व कशानें गेलीं. विहिरीच्या पाण्याची खोली दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मोजून नोंदवा. एका वर्षाच्या वहीवरून फारसें कळणार नाहीं. पांच वर्षांच्या वहीवरून बाग राखावी, वाढवावी कीं सोडावी हें वडिलांस तुम्हीं दाखवून देऊं शकाल. शाळेंत शिकलेलें चक्रवाढ व्याज परीक्षेपुरतें नसतें. ज्या घरांत तें वेळीं मांडलें जातें, त्या घरीं झाडावर कुऱ्हाड चालविण्याची पाळी सहसा येत नाहीं. आणि आली तरी कर्ज डोक्यावर चढण्यापूर्वीं येते.